अक्षर कोणाच्या मालकीचं?

मराठीत टाइप करणं आज इतकं सहज झालं आहे, की त्यामागे कधी काळी भांडण झालं असेल, असं वाटतही नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मराठी आहे, शाळेतून येणाऱ्या सूचनेत मराठी आहे, दुकानदाराच्या मोबाइलवर मराठी आहे. पण पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावरचं मराठी अक्षर कुणाच्या तरी मालकीचं होतं. ते कुणाचं होतं आणि त्या मालकीतून कसं सुटलं, याची हकिगत मला आज सांगायची आहे. त्यासाठी जगातल्या बड्या कंपन्यांच्या लढाईत डोकवावं लागेल आणि नवी मुंबईतही यावं लागेल. कारण या हकिगतीतला एक धागा खारघर स्टेशनसमोरच्या एका आवाराशी जोडलेला आहे.

आधी भांडण काय होतं, ते पाहू. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. माणूस या सूचना ज्या रूपात लिहितो, त्याला 'सोर्स कोड' म्हणजे मूळ संहिता म्हणतात. ती वाचता येते, बदलता येते. तिच्यावर प्रक्रिया करून जे तयार होतं, ते फक्त यंत्राला कळतं. तयार मसाल्याचं पाकीट विकत घेतलं, की भाजी होते. पण त्यात धने किती, खोबरं किती, हे कळत नाही. तिखट जास्त झालं तरी मसाला आपल्याला बदलता येत नाही. मालकी हक्काचं सॉफ्टवेअर असं पाकिटासारखं असतं. याउलट खुल्या सॉफ्टवेअरमध्ये पाकिटाबरोबर कृतीही मिळते. ती वाचा, बदला, शेजाऱ्याला द्या, हवं तर विकाही.

सुरुवातीला सॉफ्टवेअर वेगळं विकायची वस्तूच नव्हती. ते यंत्राबरोबर येई आणि विद्यापीठांतली मंडळी ते एकमेकांना देत-घेत असत. घरगुती संगणक आले आणि चित्र पालटलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये विशीतल्या बिल गेट्सने संगणकाच्या हौशी लोकांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. आम्ही मेहनतीने तयार केलेला प्रोग्रॅम तुम्ही पैसे न देता कॉपी करता, ही चोरी आहे. असं असेल तर चांगलं सॉफ्टवेअर कोण लिहील, असा त्याचा मुद्दा होता. तो बिनबुडाचा नव्हता. त्याच विचारावर मायक्रोसॉफ्ट उभी राहिली.

दुसऱ्या बाजूला रिचर्ड स्टॉलमन होता. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा लेझर प्रिंटर आला होता. कागद अडकला की जुना प्रिंटर सगळ्यांना कळवी, कारण स्टॉलमनने त्याच्या प्रोग्रॅममध्ये तशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची मूळ संहिता कंपनीने दिली नाही, त्यामुळे ती सोय करता येईना. या अडवणुकीतून त्याचा विचार पक्का होत गेला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना तयार झाला. या परवान्याची गंमत अशी, की तो कॉपीराइटचाच कायदा वापरतो, पण उलट कामासाठी. हे सॉफ्टवेअर घ्या, बदला, वाटा. मात्र बदललेलं दुसऱ्याला द्याल, तेव्हा त्यालाही हेच हक्क आणि मूळ संहिता द्या, एवढीच अट. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लायनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, पुढे तोही जीपीएलखाली आणला, आणि खुल्या जगाला पूर्ण संगणक चालवण्याची ताकद मिळाली.

इथवर ही ध्येयवादी माणसांची गोष्ट होती. १९९८ पासून ती कंपन्यांची गोष्ट झाली. नेटस्केपने आपल्या ब्राउझरची संहिता त्या वर्षी खुली केली. 'ओपन सोर्स' हा शब्दही त्याच वर्षीचा. त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर मायक्रोसॉफ्टमधली काही अंतर्गत टिपणं बाहेर फुटली आणि जगाला कळलं, की वरवर दुर्लक्ष करणारी ही कंपनी लिनक्सकडे खरा धोका म्हणून पाहते. आयबीएमने २००१ साली लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करण्याचं ठरवलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सची तुलना कॅन्सरशी केली. आयबीएमला स्टॉलमनच्या तत्त्वज्ञानाचं प्रेम आलं होतं, असं समजायचं कारण नाही. संगणक आणि सेवा विकणाऱ्या आयबीएमला मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी अडचणीची होती. खुल्या बाजूलाही धंद्याचं गणित होतं, हे पुढच्या हकिगतीत लक्षात ठेवलं पाहिजे.

आता मराठीकडे येऊ. छापखान्यात खिळे जुळवायचे, तेव्हा पेटीतला कुठला खण कुठल्या अक्षराचा, हे जुळाऱ्याला पाठ असे. संगणकातही असेच खण होते, पण ते इंग्रजीसाठी आखलेले आणि जास्तीत जास्त २५६. इतक्यात मराठीची बाराखडी, काने-मात्रे आणि जोडाक्षरं बसवायची होती. मग सॉफ्टवेअर कंपन्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचं चित्र ठेवलं. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या लेखी ते रोमन लिपीतलं एखादं अक्षर किंवा चिन्ह असे. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, प्रत्येकाची खणांची मांडणी वेगळी होती. या मंडळींनी मराठी डीटीपी शक्य केलं, वृत्तपत्रं आणि प्रकाशनं संगणकावर आणली, याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. शिवाय सॉफ्टवेअर चालवायला संगणकाच्या मागे एक छोटं कुलूप लावावं लागे. त्याला आम्ही 'डोंगल' म्हणायचो. डोंगल नाही, तर मराठी नाही.

'आम्ही' म्हणालो, कारण तेव्हा मी वाशीत एका डीटीपी केंद्रात काम करत होतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं असं काम असे. एका वाचनालयाची दीडशे पानी स्मरणिका आम्ही पेजमेकरमध्ये जुळवली होती. जुन्या सभासदांच्या आठवणी त्यात होत्या. चार वर्षांनी वाचनालयाला त्यातल्या निवडक आठवणींची पुस्तिका काढायची होती. फाइल जपून ठेवलेली होती. पण दरम्यान डोंगल बिघडलं होतं आणि ज्या कंपनीचं ते होतं, तिने ती आवृत्तीच बंद केली होती. नव्या आवृत्तीत मांडणी बदललेली. फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. लिहिणारे मराठी, वाचणारे मराठी, मजकूर त्यांचा, आणि तरी तो वाचायची किल्ली तिसऱ्याच्याच खिशात. शेवटी छापील स्मरणिका समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. अक्षराची मालकी म्हणजे काय, हे मला तेव्हा नेमकं कळलं.

यावर उपाय शोधायचा प्रयत्न सरकारी पातळीवर आधीच सुरू झाला होता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची प्रमाण सांकेतिक पद्धत १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. १९९१ मध्येच जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी 'युनिकोड' ही योजना आकाराला आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या पायावरच झाली. युनिकोडमागची कल्पना साधी आहे. प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे क्रमांक राखलेले आहेत. 'क' म्हणजे २३२५, जगातल्या कुठल्याही संगणकावर, कुठल्याही कंपनीच्या फॉन्टमध्ये. क्रमांकाची मालकी कुणा एका विक्रेत्याकडे नाही. त्या क्रमांकाचं चित्र कसं दिसावं, हे फॉन्ट ठरवतो.

पण कागदावरचे क्रमांक पडद्यावर उमटायला दोन गोष्टी लागतात. एक, जोडाक्षरांचे नियम पाळणारा फॉन्ट, आणि दुसरी, ते नियम समजणारी संगणकाची मूळ प्रणाली. इथे खारघर स्टेशनसमोरचं ते आवार हकिगतीत येतं. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही सरकारी संस्था १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले डॉ. एस. रमाणी तिचे पहिले प्रमुख. भारतातल्या शैक्षणिक संस्था ई-मेलने जोडणाऱ्या 'एर्नेट'च्या उभारणीत या संस्थेचा मोठा वाटा होता. तिचं मूळ ठाणं जुहूला. दुसरं आवार भारती विद्यापीठाजवळ, पत्त्याने सीबीडी बेलापूरमध्ये, पण खारघर स्टेशनसमोर. पुढे एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि तिचं नाव 'सी-डॅक मुंबई' झालं.

या संस्थेशी र. कृ. जोशी जोडले गेले होते. प्रयोगशील कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकवलेले प्राध्यापक. बोरू आणि संगणक या दोन्हींत सारखाच रस असलेला असा माणूस विरळा. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये पहिल्यांदाच देवनागरीला युनिकोडच्या मार्गाने जागा दिली. त्यासाठीचा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींच्या देखरेखीखाली घडला. विंडोज वापरणाऱ्या मराठी माणसाने संगणकावर युनिकोडमधलं पहिलं अक्षर पाहिलं, ते बहुधा 'मंगल'मधलं. तो विंडोजबरोबर मिळे, वेगळे पैसे पडत नसत, डोंगल नव्हतं. पण तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा. त्यात बदल करायची किंवा तो दुसऱ्या प्रणालीबरोबर वाटायची मुभा नव्हती.

याच जोशींनी एनसीएसटीसाठी दुसराही एक फॉन्ट केला, 'रघुहिंदी'. संस्थेने तो जीपीएलखाली खुला केला. नावातला 'रघु' रघुनाथ कृष्ण जोशींची आठवण करून देणारा. लिनक्सवर भारतीय भाषा चालाव्यात म्हणून एनसीएसटीत 'इंडिक्स' नावाचं काम चाललं होतं. पुढे सी-डॅक मुंबईत 'जनभारती' या प्रकल्पातून लिनक्सच्या मराठीकरणाचं काम झालं. बाहेर जगात मायक्रोसॉफ्ट आणि लिनक्सवाले एकमेकांवर तुटून पडत होते, आणि इथे एकाच माणसाच्या हाताचं वळण दोन्ही छावण्यांत गेलं होतं. हे मला फार बोलकं वाटतं. जोशींना कुणाची बाजू घ्यायची नव्हती असं नाही. त्यांची बाजू देवनागरीची होती.

दुसरं उदाहरण पुण्याचं. लिनक्सचा धंदा करणाऱ्या रेड हॅट या अमेरिकन कंपनीला भारतीय भाषांसाठी चांगले फॉन्ट हवे होते. तिने ते मिळवले कुणाकडून, तर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून, म्हणजे 'श्रीलिपी'च्याच कंपनीकडून. २००४ मध्ये हे फॉन्ट 'लोहित' या नावाने जीपीएलखाली खुले झाले. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅटला शोभेल असं नाव. ज्या कारखान्यात कुलूपबंद अक्षरं घडत, तिथेच घडलेली अक्षरं खुली होऊन जगभर गेली. नंतर 'लोहित मराठी' असा वेगळा फॉन्टही निघाला. त्याची गरज होती, कारण मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. शिवाय 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, हा फरक मराठीतच महत्त्वाचा. फक्त हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले फॉन्ट नेमके इथे अडखळतात. मूळ संहिता हाताशी असली, की असा दोष दुरुस्त करायला अमेरिकेतल्या कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

आता या लढाईचं राजकीय अंग. नोव्हेंबर २००२ मध्ये बिल गेट्स भारतात आले. तीन वर्षांत ४० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा त्यांनी केली. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याशी त्यांची भेट झाली. त्या भेटीत काय झालं, ते देशाला कळलं ते २८ मे २००३ रोजी, पुण्यात. आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या कार्यक्रमात कलामांनी सांगितलं, की सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेवरून आपली गेट्स यांच्याशी चर्चा झाली आणि आपण खुल्या संहितेचा विषय काढल्यावर मतभेद झाले. भारतासारख्या देशात खुलं सॉफ्टवेअर रुजलं पाहिजे, अशी स्पष्ट भूमिका त्यांनी मांडली. क्षेपणास्त्रांवर काम केलेल्या माणसाचा हा विचार होता. ज्या यंत्राच्या आत काय चाललं आहे ते पाहता येत नाही, त्यावर देशाने किती विसंबावं, हा त्यांचा प्रश्न होता.

सगळं लगेच बदललं असं नाही. सरकारी कचेऱ्यांत विंडोज होती, ती राहिली. पण दोन्ही बाजूंना भारतीय भाषांची आठवण झाली. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये 'भाषा' हा प्रकल्प सुरू केला. केंद्र सरकारने एप्रिल २००५ मध्ये तमिळ आणि जूनमध्ये हिंदी सॉफ्टवेअरच्या सीडी मोफत वाटायला सुरुवात केली. इतर भाषांच्या सीडीही मागाहून निघाल्या. त्यांत 'ओपन ऑफिस' या खुल्या सॉफ्टवेअरचं भारतीय रूप होतं. माझं मत असं, की खुल्या बाजूचा धाक नसता, तर मोठ्या कंपनीने इतक्या लवकर आपल्या भाषांकडे पाहिलं नसतं. आणि मोठ्या कंपनीने विंडोजमधून युनिकोड घरोघरी नेलं नसतं, तर लिनक्सवरचं सुंदर मराठी मोजक्या हौशी लोकांपुरतंच उरलं असतं.

अक्षराचा क्रमांक ठरला, फॉन्ट आले. पण पूर्ण दस्तऐवजाचं काय? पत्र, तक्ता, अहवाल संगणकात कोणत्या रचनेत साठवायचा? या प्रश्नावर २००७-०८ मध्ये मोठी लढाई झाली आणि तिच्यात भारत उघडपणे उतरला. ओपन ऑफिसच्या परंपरेतली 'ओडीएफ' ही खुली रचना २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली होती. आयबीएम, सन यांसारख्या कंपन्या तिच्या पाठीशी होत्या. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिसची 'ओओएक्सएमएल' ही रचना स्वतंत्र मानक म्हणून पुढे केली. तिचं वर्णन सुमारे सहा हजार पानांचं होतं. एक मानक असताना दुसरं कशाला, आणि सहा हजार पानं वाचून दुसरं कोणी ते सॉफ्टवेअर नीट बनवू शकेल का, असे आक्षेप होते. उलट बाजूचं म्हणणं असं, की जगातले कोट्यवधी दस्तऐवज ऑफिसमध्ये आहेत, त्यांना न्याय देणारं मानक हवंच.

भारताचं मत भारतीय मानक ब्यूरोच्या समितीत ठरायचं होतं. समितीत सरकारी संस्था होत्या, शिक्षणसंस्था होत्या आणि दोन्ही बाजूंच्या कंपन्याही होत्या. एरवी अशा समितीच्या बैठकीची बातमीसुद्धा होत नाही. या वेळी मात्र प्रत्येक मतासाठी चढाओढ होती. ऑगस्ट २००७ मध्ये समितीने 'नाही' असा कौल दिला. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात आक्षेपांवर चर्चा झाली. मार्चमध्ये भारताने पुन्हा 'नाही'च म्हटलं. एप्रिलमध्ये जागतिक पातळीवर मायक्रोसॉफ्टची रचना मंजूर झाली. तेव्हा भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि व्हेनेझुएला या चार देशांनी त्याविरुद्ध अपील केलं. ते ऑगस्टमध्ये फेटाळलं गेलं. म्हणजे आपण हरलो. पण या निमित्ताने दिल्लीत एक गोष्ट मनावर ठसली: सरकारी कागद कोणत्या रचनेत साठवायचा, हे विक्रेत्याने नव्हे, सरकारने ठरवायचं असतं.

त्याची फळं पुढे दिसली. २००९ मध्ये केंद्राने ई-प्रशासनात युनिकोड हेच अक्षरांचं मानक ठरवलं. नोव्हेंबर २०१० मध्ये खुल्या मानकांचं धोरण आलं. त्यात रॉयल्टी न घेणाऱ्या मानकांवर भर होता. मार्च २०१५ मध्ये सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण जाहीर झालं. याच काळात मराठीची एक जुनी उणीवही भरून निघाली होती. 'बॅट', 'कॅमेरा' लिहिता येत होतं. पण शब्दाच्या सुरुवातीचा मराठी 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे नव्हता. २००८ च्या आवृत्तीत त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला. आज आपण 'ॲप' हा शब्द मराठी वळणाने लिहितो, तो त्या क्रमांकामुळे.

आणि ज्या कंपन्या भांडत होत्या, त्यांचं काय झालं? २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे नवे प्रमुख सत्या नाडेला यांनी लिनक्सवर आपलं प्रेम असल्याचं जाहीर करून टाकलं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली. २०१८ मध्ये तिने खुल्या सॉफ्टवेअरचं माहेरघर मानलं जाणारं 'गिटहब' साडेसात अब्ज डॉलरना घेतलं. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ३४ अब्ज डॉलरना खरेदी केली. कॅन्सर म्हणून हिणवलेल्या गोष्टीवर बाजाराने एवढी किंमत लावली. कारण सरळ होतं. जग मोबाइलकडे आणि इंटरनेटवरच्या मोठ्या संगणककेंद्रांकडे वळलं, आणि दोन्ही ठिकाणी लिनक्स आधीच पोचलं होतं. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

अक्षरांच्या बाबतीतही तसंच घडलं. जोडाक्षरं जुळवणारं 'हार्फबझ' नावाचं खुलं सॉफ्टवेअर आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, एवढंच काय, अडोबीची उत्पादनंही वापरतात. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाझ' म्हणजे खुलं. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट कुणालाही वापरता येतो. दुसरीकडे पैसे घेऊन विकले जाणारे सुंदर मराठी फॉन्टही आहेत आणि असावेत. अक्षर घडवणाऱ्याला त्याच्या कष्टाचं मोल मिळालं पाहिजे, हे गेट्सचं म्हणणं इथे खरंच आहे. माझ्या मते या सगळ्या भांडणातून निघालेला शहाणपणाचा तोडगा हाच: अक्षराचा क्रमांक सगळ्यांचा, अक्षराचं वळण घडवणाऱ्याचं. वळणात हवी तेवढी स्पर्धा करा. क्रमांकावर कुलूप लावू नका.

पण कुलूप नवी जागा शोधत असतं. आज आपला मजकूर घरातल्या संगणकात कमी आणि दूरच्या केंद्रांत जास्त राहतो. ही केंद्रं फार दूर नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे या जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यात आणि पनवेलकडे मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. आत चालणारं सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर खुलं आहे. तरी त्यावर बेतलेली सेवा बंदिस्त असू शकते. खात्यातले फोटो, पत्रं, हिशेब, लेख उद्या दुसरीकडे न्यायचे म्हटलं, तर नेता येतील का? सेवा देणाऱ्याने दार बंद केलं, तर हातात काय उरेल? डोंगलच्या काळातले हेच प्रश्न आज नव्या रूपात आपल्यापुढे आहेत. आपण फक्त किंमत विचारतो आणि फुकट आहे असं कळलं, की समाधान मानतो.

एक काम मात्र थांबण्यासारखं नाही. गावोगावच्या वाचनालयांत, नाट्यसंस्थांत, छोट्या प्रकाशकांच्या कपाटांत १९९० ते २०१० या काळातल्या सीडी आणि फ्लॉपी पडून आहेत. त्यांतली मराठी जुन्या फॉन्टांत अडकलेली आहे. बऱ्याच जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं आज मिळतात, काही तर विनामूल्य. पण सीडी खराब होतात, फ्लॉपी वाचणारी यंत्रं मिळेनाशी झाली आहेत आणि कुठला मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये जुळवला होता, हे सांगू शकणारी डीटीपीवाली माणसंही आता निवृत्त होत आहेत. तुमच्या संस्थेत अशी कपाटं असतील, तर त्यांतल्या एखाद्या माणसाला बोलवा, शेजारी बसवा आणि एक यादी तरी करून घ्या: कुठली सीडी, कुठलं वर्ष, कुठला फॉन्ट. एवढी यादी हाताशी असली, तरी पुढचं काम निम्म्याने सोपं होईल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)